पुढच्या फळीवरचं वजन

ही गोष्ट ऐकीव आहे, पण बनावट नाही. ज्याच्यावर बेतली तो कोल्मन माझा साडू. त्याला थापा मारता येत नाहीत. मासा वीतभर असला तर तो वीतभरच सांगतो.

मेयो परगण्यातलं आमचं तळं. मे महिन्यातली ढगाळ, वाऱ्याची दुपार.

कोल्मनचा धाकटा भाऊ फिंटन मार्चमध्ये एकटाच नाव घेऊन गेला आणि त्याच तळ्यात बुडाला होता. नाव सापडली. तो सापडला नाही.

पाणबुडे थकून परत गेले. घरी म्हातारी आई, नोरा, अंथरुणाला खिळलेली. तिचं एकच मागणं होतं. आपले डोळे मिटण्याआधी फिंटन मातीत जायला हवा.

म्हणून कोल्मन रोज तळ्यावर जायचा. नुसतं शोधत फिरायची त्याला लाज वाटे, म्हणून गळाची काठी बरोबर घ्यायचा. एका दोरीला पिसांच्या तीन खोट्या माशा. वारा नाव आडवी वाहून नेतो. माणूस पुढे दोरी फेकतो, माशा पाण्याखालून ओढत आणतो आणि शेवटी सगळ्यात वरची माशी लाटेवर नाचवतो. ट्राउट मासा भुलतो तो तिथेच.

दोघे भाऊ एरवी एकाच नावेत. कोल्मन मागे, फिंटन पुढे. एकट्यानं जायचं तर पुढच्या फळीवर मोठा दगड ठेवावा लागतो. नाहीतर नावेचं टोक वर उचललं जातं आणि वारा तिला गरगर फिरवतो.

त्या दिवशी धक्क्यावर टीग बसला होता. म्हातारा नावाडी.

"आज तरी काहीतरी आण," तो म्हणाला. "तुझं मांजर माझ्याकडे राहायला आलंय."

कोल्मन हसला. त्या नादात दगड धक्क्यावरच राहिला.

तळ्याच्या मध्यावर त्याच्या लक्षात आलं...

दगड नव्हता, तरी नाव समतोल होती.

पुढचं टोक पाण्याला नीट टेकलेलं. नाव आडवी, संथ वाहत होती.

फळीवर कोणीच नव्हतं.

त्यानं दोरी फेकली. हातांना दुसरं काही सुचेना.

आणि पुढून आवाज आला... दुसरी दोरी हवा कापत जावी तसा.

पाण्यावर मात्र काहीच पडलं नाही.

"फिंटन," कोल्मन हळूच म्हणाला. "आई थांबलीय रे."

आवाज थांबला.

त्याची दोरी जड झाली.

मासा असता तर झटका बसला असता. हे नुसतंच जड. ती दोरी इतकी बारीक, की मोठा मासाही जपून आणावा लागतो. माणूस तिनं उचलला जात नाही. पण ते वर येत गेलं... सहज... खालून कोणी ढकलत असल्यासारखं.

आधी तपकिरी कोट दिसला. बाहीत तिन्ही माशा रुतलेल्या.

कोल्मनला वाटलं, पुढे फिंटनच बसला होता. आता त्याचं काम झालं. आता टोक वर येईल.

टोक वर आलं नाही.

त्यानं भावाला नावेच्या मागे बांधलं आणि वल्ही मारायला घेतली. वल्ही मारताना माणसाची पाठ पुढच्या फळीकडे असते.

वाटभर त्यानं मान वळवली नाही.

धक्क्याला लागताच नाव डुचमळली... कोणी उतरावं तशी. मग टोक वर आलं.

टीग टोपी काढून उभा होता. तो एक पाऊल बाजूला सरला. कुणाला वाट दिली, हे त्याला नंतरही सांगता आलं नाही.

शवपेटी बंदच ठेवावी लागली. नोराच्या खाटेजवळ ती नेली. तिनं झाकणावर हात ठेवला. बराच वेळ.

"माझाच आहे," ती म्हणाली.

कोल्मनला रडू फुटलं.

मग तिनं दाराजवळच्या कोपऱ्याकडे पाहिलं.

"पण याला कशाला आत घेतलंस?"

पहाटे ती गेली. नजर त्याच कोपऱ्यात. पापण्या काही केल्या मिटेनात.

मायलेकांना शेजारी शेजारी पुरलं. कोल्मन तेव्हापासून आमच्याकडे राहतो.

परवा मी सहज विचारलं, ते घर विकायचं का.



"रिकामं झालं की बघू," तो म्हणाला.