लिंबाच्या वासाचं पान

भर दुपारी, सूर्य डोक्यावर आग ओकत असताना, एक धडधाकट माणूस स्वतः उन्हात उभा राहून तोडलेल्या झाडाच्या बुंध्यावर छत्री धरून उभा होता. असं दृश्य दिसल्यावर कोणती मुलगी सरळ पुढे निघून जाईल? माझ्या हातगाडीवर तर बारा कुंड्या होत्या आणि त्या, तो उभा होता त्याच चर्चच्या आवारात उतरवायच्या होत्या, त्यामुळे थांबायला कारणही होतं.

"माळीदादा, लग्नाच्या कुंड्या कुठे ठेवू?"

"दाराच्या दोन्ही बाजूंना," तो म्हणाला. "आणि मी माळी नाही. इथला पाळक आहे."

मी जीभ चावली. नवे पाळक आलेत हे ऐकलं होतं, पण पाळक म्हणजे पिकल्या केसांचे, हळू बोलणारे कुणीतरी, अशी माझी पक्की समजूत. याचे केस काळेभोर होते, घामानं कपाळाला चिकटले होते, आणि मी ते गरजेपेक्षा जास्त वेळ बघत होते.

"मग ही छत्री कुणासाठी?"

तो बाजूला सरला. वीतभर उरलेल्या बुंध्याच्या तळाशी, अगदी मातीजवळ, बोटभर उंचीचा एक कोवळा धुमारा वर आला होता. त्याला मोजून पाच पानं. संत्र्याचं चाळीस वर्षांचं झाड होतं, गेल्या वर्षीच्या वादळात मधोमध चिरलं म्हणून तोडावं लागलं, आणि आता बघा, असं तो सांगत होता. घरात नुकतं बाळ जन्मलेला माणूस जसा बोलतो, तसा त्याचा आवाज झाला होता.

मी मामाच्या रोपवाटिकेत वाढलेली. पान दिसलं की माझा हात आपोआप जातो. पाचातलं एक पान मी खुडलं, "अहो, नका..." असं तो म्हणेपर्यंत बोटांत चुरडलं आणि नाकाशी नेलं.

लिंबाचा वास आला. संत्र्याचा नाही.

आमच्या धंद्यात हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. संत्र्याचं चांगलं झाड हवं असेल तर ते त्याच्या स्वतःच्या मुळावर वाढवत नाहीत. रानलिंबाचं काटक रोप घ्यायचं, त्याला आम्ही खुंट म्हणतो, आणि त्याच्या सालीत संत्र्याचा डोळा, म्हणजे फांदीवरचा कोंब, बसवायचा. मग वरचं झाड संत्र्याचं होतं, मुळं मात्र रानलिंबाची राहतात. वरचं झाड मेलं आणि खालून फूट आली, तर ती रानलिंबाची. फळ येईल तर खडबडीत, आंबट-कडू, थुंकून टाकावं असं. संत्रं त्या बुंध्यातून आता जन्मात येणार नव्हतं.

मी ते सांगणारच होते. पण तो आधी बोलला.

शास्त्रातल्या एका संदेष्ट्याचं भाकीत त्यानं मला तिथंच, उन्हात, ऐकवलं. सगळं तोडून आडवं झालेलं आहे, आणि एका बुंध्याला धुमारा फुटतो. त्यानंतर सगळी सृष्टीच नवी होते. लांडगा कोकराशेजारी बसतो, वासरू आणि सिंह एकत्र चरतात, कुणी कुणाला इजा करत नाही. "मी इथं आलो तेव्हा या लोकांना काय सांगावं तेच सुचत नव्हतं," तो म्हणाला. "आणि मग हे दिसलं. तीन आठवड्यांनी यावरच उपदेश करणार आहे."

हातातलं चुरडलेलं पान मी ओढणीच्या टोकात लपवलं आणि तोंडात मिठाची गुळणी धरली.

एकदा गप्प बसलं की दुसऱ्यांदा बोलणं अवघड होतं, हे मला कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. कुंड्यांना पाणी घालायच्या निमित्तानं मी दुसऱ्या दिवशी गेले, तिसऱ्या दिवशी निमित्त न शोधताच गेले. त्याला मी 'छत्रीवाले' म्हणायला लागले. तो मला 'डॉक्टरीणबाई' म्हणे, कारण रोज येऊन मी त्या धुमाऱ्याची नाडी बघत असे. दारातल्या पायरीवर बसून तो उपदेशातले तुकडे मला वाचून दाखवायचा आणि मी जांभई दिली की तेवढा तुकडा खोडायचा. तीन-चारदा मी खोटीच जांभई दिली, त्याचं खोडतानाचं तोंड बघायला.

त्याची नेमणूक सहा महिन्यांची, तात्पुरती होती. उपदेशाच्या त्याच रविवारी चर्चची समिती बसणार होती आणि त्याला ठेवायचं की नाही ते ठरणार होतं. समितीच्या अध्यक्षबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, आवाज अजून वर्गातलाच. ते झाड त्यांच्या नवऱ्यानं लावलेलं. नवरा आधी गेला, मग झाड गेलं, आणि त्यानंतर वर्षभर बाई कुणाशी धड बोलल्या नव्हत्या. आता त्या रोज संध्याकाळी बुंध्याजवळ खुर्ची टाकून बसत. एकदा मी पाणी घालत असताना त्या म्हणाल्या, "यांना पहिलं फळ मलाच द्यायची सवय होती." मी खाली मान घालून पाणी घालत राहिले. इतकं पाणी घातलं की चिखल झाला.

दुसऱ्या आठवड्यात धुमारा हातभर झाला आणि त्याला काटे आले. रानलिंबाचे काटे, सुईसारखे लांब. एक छत्रीवाल्यांच्या अंगठ्यात मोडला. मी त्यांचा हात मांडीवर घेतला आणि केसातल्या पिनेनं काटा काढायला बसले. काटा केव्हाच निघाला होता, पण हात मी सोडला नाही, आणि त्यांनीही मागे घेतला नाही.

"डॉक्टरीणबाई... जुन्या झाडाला असे काटे नव्हते, म्हणतात अध्यक्षबाई."

मी पिन पुन्हा केसात खोचली.

"कोवळ्या फुटीला असतात," मी म्हटलं. "पुढे जातात."

इतके दिवस मी फक्त गप्प होते. त्या दिवशी खोटं बोलले.

रात्रीचं जेवण होईपर्यंत मामा माझ्याकडे बघत होता. रोपं विकण्यात त्याची हयात गेली, त्यामुळे कोणतं पान का मलूल झालंय ते त्याला विचारावं लागत नाही. मी आपणहूनच सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि विचारलं की रानलिंबाचं रोप संत्र्याचं म्हणून मी कधी गिऱ्हाइकाला विकलंय का. मी नाही म्हटलं. "मग यालाच का विकतेस?" तो म्हणाला, आणि ताट उचलून हात धुवायला गेला.

आता मी पुरती कात्रीत सापडले. सांगितलं तर उपदेश गेला, बाईंचा आधार गेला, समितीनं त्याला नारळ दिला की तोही गेला. नाही सांगितलं तर तो राहील, माझ्याशेजारी पायरीवर बसेल, आणि तीन-चार वर्षांनी त्या झाडाला कडू रानलिंबं लागतील. तेव्हा मी कुठे तोंड लपवणार होते?

शनिवारी दुपारी मी गेले. तो चर्चमागच्या खोलीत टेबलाशी बसला होता, समोर उपदेशाचे कागद. मला बघून इतकं हसला की मी दारातच बोलून टाकलं, नाहीतर बोललेच नसते. खुंट, डोळा, रानलिंबू, सगळं एका दमात. तो उठला, बाहेर जाऊन एक पान तोडून आणलं, चुरडलं, हुंगलं.

"हे कधी कळलं तुम्हाला?"

"...पहिल्या दिवशी."

"आणि काट्याचं?"

"ते खोटं होतं."

त्यानं पान टेबलावर ठेवलं. ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं. "मी तीन आठवडे त्या बाईंना इथं आणून बसवतोय," तो म्हणाला. "दिवस दिवस मी तुम्हाला वाचून दाखवतोय, आणि तुम्ही... जांभया देताय." मग तो खुर्चीत बसला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "आता जा तुम्ही. मला उद्याचं लिहायचंय."

रविवारी जायचं नाही असं मी सात वेळा ठरवलं आणि आठव्यांदा शेवटच्या बाकावर जाऊन बसले. अध्यक्षबाई पहिल्या बाकावर होत्या, इस्त्रीची साडी नेसून, ताठ.

त्यानं भाकीत वाचलं. मग कागद मिटले.

"गेले तीन आठवडे मी तुम्हाला सांगत आलो की आपलं झाड परत येतंय," तो म्हणाला. "ते येत नाहीये. ही फूट रानलिंबाची आहे. हिला संत्री लागणार नाहीत. मी न विचारता, न तपासता सांगितलं, ती माझी चूक."

बाईंची पाठ मला दिसत होती. ती तसूभरही हलली नाही.

"काल मी चिडून हे वचन पुन्हा वाचायला बसलो. संदेष्टा कुठेही म्हणत नाही की तेच झाड उगवेल. ते आपण आपल्या मनानं घातलं, कारण आपल्याला जुनंच परत हवं असतं. तो फक्त म्हणतो की मुळात जीव आहे. आणि लगेच पुढे लांडगा आणतो. त्या नव्या जगातून लांडग्याला हाकललेलं नाही. तो तिथंच आहे, कोकराशेजारी. आपलं गोड झाड चाळीस वर्षं याच कडू मुळावर उभं होतं आणि आपल्याला त्याचा पत्ताही नव्हता. वादळात गोड होतं ते मेलं आणि कडू जगलं. आशा कशाला म्हणायचं असेल तर मी आता त्या मुळाला म्हणेन. त्यावर पुढे काय धरेल ते मला माहीत नाही."

कुणीतरी खाकरलं. अध्यक्षबाई उठल्या. चर्चमध्ये मध्येच कुणी उठून बोलत नाही, पण त्यांना अडवणार कोण?

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

तो गप्प राहिला. माझ्यावर रागावलेला होता, तरी गप्प राहिला. ते मला सहन झालं नाही.

"मी सांगितलं," मी शेवटच्या बाकावरून उठले. सगळ्या माना वळल्या. "मी रोपवाटिकेतली. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, पण मी काल सांगितलं."

"का लपवलंत?" मुख्याध्यापिकेचा आवाज. अशा आवाजापुढे खोटं बोलायची माझी शाळेतही छाती नव्हती.

"कारण... खरं सांगितलं तर तुम्ही यांना काढाल असं वाटलं. आणि मला हे इथून जायला नको होते."

बोलून झाल्यावर मला कळलं की आपण काय बोललो. छत्रीवाले कान लाल करून व्यासपीठाच्या लाकडाकडे बघत होते. दोन बाकं पुढची एक आजी शेजारणीला मोठ्यानं म्हणाली, "कोणाची गं ही?"

"खाली बसा," अध्यक्षबाई म्हणाल्या. "दोघंही."

समिती दार लावून तासभर बसली. मी बुंध्याजवळ उभी राहिले, तो दोन हात अंतरावर. दार उघडलं तेव्हा बाई एकट्या बाहेर आल्या. त्यांचे डोळे सुजले होते, आवाज मात्र जागेवर होता.

"कायम करायला चौघे तयार नव्हते," त्या त्याला म्हणाल्या. "एक वर्षाची मुदत वाढवून दिली आहे. माझं मतही तेवढंच होतं." मग त्या वाकल्या, आणि धुमाऱ्याचं पान तोडून हुंगलं. "आमच्या यांनी हे मला कधी सांगितलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "यावर दुसरा डोळा बसतो ना?"

"बसतो," मी म्हटलं. "पण तुमचं जुनं झाड नाही येणार. वेगळ्या जातीचं येईल."

"ते ऐकलं मी आत." त्यांनी पान पर्समध्ये ठेवलं. "बसवा. मला विचारून निवडा." आणि त्या गेल्या.

मी पिशवीतून कलमाचा चाकू काढला आणि पुन्हा आत ठेवला, कारण डोळा अजून निवडायचा होता. तो दोन हातांवरून एका हातावर आला.

"मी तुमच्यावर अजून रागावलेलो आहे," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"तुम्ही सगळ्यांसमोर ते बोललात म्हणून राग गेला, असं काही नाही."

"मी म्हटलं का तसं?" माझा आवाज रडवेला झाला होता आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. "किती दिवस राहणार आहे हा राग?"

तो त्या काटेरी धुमाऱ्याकडे बघत राहिला.

"डोळा बसवल्यावर... फळ कधी धरतं?"

"चौथ्या वर्षी. नीट निगा राखली तर."

"मग तोपर्यंत."

"तुला तर एकच वर्ष दिलंय."

"हो. उरलेल्या तीन वर्षांचं बघावं लागेल," तो म्हणाला, आणि पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. हसला नाही. पण त्याचे कान पुन्हा लाल झाले होते.

"चालेल," मी म्हटलं. "रोपवाटिका सकाळी आठला उघडते. रोज येऊन रागव."