लाल फीत

नवरा डबा विसरून गेला, म्हणून भरदुपारी धाकटी तो घेऊन नदीकाठच्या बागेकडे निघाली. नवरा तिथला माळी. गल्लीत हिला धाकटी म्हणत, कारण त्याची पहिली बायको थोरली होती. सात वर्षांपूर्वी थोरलीचा काठावर पाय घसरला आणि नदीनं तिला नेलं ते नेलंच, सापडली नाही. मग काठाला दगडी भिंत झाली. वर्षानं धाकटी घरात आली.

यंदा ती भिंत फोडली. काठावर पूर्वीसारखं रान होऊ द्यायचं ठरलं होतं. बाहेरून आणून लावलेली झाडं माळ्यानं हेरायची आणि बुडाशी लाल फीत बांधायची. दुसऱ्या दिवशी माणसं येऊन फितीचं झाड मुळासकट उपटत.

"मग नवीन काय लावणार?" तिनं एकदा विचारलं होतं.

"काही नाही. उपरं काढलं की मूळचं आपसूक परत येतं. माती विसरत नाही गं."

ते 'गं' इतकं मऊ होतं, की ते आपल्यासाठी नाही हे तिला कळलं. तेव्हापासून तो म्हणे, "डबा जरा जास्त भर." डबा चाटूनपुसून रिकामा यायचा, आणि माणूस घरी येऊन पुन्हा जेवायला बसायचा.

"जिवंत सवतीच्या झिंज्या तरी उपटता येतात, काकू," ती शेजारणीला म्हणाली.

"मेलेलीवर जळणारी तू पहिलीच बाई!" शेजारीण हसली. "बरं, ते गाठोडं सुटलं का?"

थोरलीची गाठ गल्लीला ठाऊक होती. दोन वेढे, आणि टोकं आत खुपसलेली. तिनं बांधून ठेवलेलं पांघरुणांचं गाठोडं धाकटीनं शेवटी कात्रीनं कापलं होतं. नवरा दोन दिवस बोलला नव्हता.

आता बागेत तो पाठमोरा बसला होता, थोरली घसरली बरोबर त्याच जागी. पुढ्यात लव्हाळ्याचा ठोंब, कुणी न लावता उगवलेला, कमरेएवढा. वारा पडलेला, तरी ठोंब त्याच्या खांद्यावर झुकला होता. तो हळू काहीतरी बोलत होता... मधेच थांबत होता, कुणी उत्तर देत असल्यासारखा.

तो पाणी प्यायला उठला तशी धाकटी पुढे झाली. त्याच्या पिशवीतली एक फीत काढली आणि ठोंबाच्या बुडाशी करकचून आवळली. बूड थंडगार होतं. बोटांना ते देठासारखं लागलं नाही. मनगटासारखं लागलं.

डबा तिथंच ठेवून ती पळाली.

दुसऱ्या दिवशी माणसांनी ठोंब उपटला. संध्याकाळी नवरा जेवला नाही.

"मुळं संपता संपेनात म्हणे," तो म्हणाला. "कुणीतरी फीत चुकीच्या जागी बांधली."

"अहो, होते चूक एखाद्याची."

"हं..." त्यानं तिच्याकडे पाहिलंही नाही. "दुरुस्त होईल."

तिसऱ्या दिवशी दुपारी कडी लावून ती जरा आडवी झाली. किती दिवसांनी घर सगळं आपलं वाटत होतं. डोळा लागला. जाग आली ती घोट्याला काहीतरी गार लागलं म्हणून. खोलीत गाळाचा वास दाटला होता. दाराची कडी तशीच होती.

तिच्या घोट्याला लाल फीत होती. ओली. दोन वेढे, आणि टोकं आत खुपसलेली.

नखं मोडली, गाठ हलली नाही. ती कात्रीकडे धावली. कात्रीचा खिळा रिकामा होता.

तेवढ्यात दार वाजलं. तिनं धडपडत कडी काढली. नवरा होता.

"अहो, बघा ना... हे कुणी..."

त्यानं खाली पाहिलं. तो दचकला नाही. वाकून फितीवर बोट फिरवलं, घट्ट आहे ना ते बघितलं, आणि उठला.

"उद्या सकाळी माणसं येतील," तो शांतपणे म्हणाला.

मग तिच्या खांद्यावरून आत स्वयंपाकघराकडे बघत त्यानं मऊ आवाजात विचारलं, "डबा भरलास का गं?"

आतून झाकण लावल्याचा आवाज आला.