मूर्तिजापूरच्या अलीकडे सापडलेला खुनी

"हात्तेच्या! डॉक्टरच आहे खुनी!"

रागिणी स्वतःशीच बोलली खरी, पण अमरावती-अकोला एसटीत ते पुढच्या दोन बाकांना ऐकू गेलं. शेजारच्या तरुणानं हातातलं पुस्तक हळूच मिटलं. मुखपृष्ठ तिच्या हातातल्या पुस्तकाचंच — काळी खिडकी, लाल हातमोजा.

"मॅडम... मी अजून अर्ध्यातच आहो."

रागिणीनं जीभ चावली. "सॉरी! पण मीही अर्ध्यातच आहे. नुसता अंदाज केला."

"मग चुकू शकता. मले तर त्या दिरावर संशय आहे."

"त्याच्यावर यावा म्हणूनच तर लेखकानं त्याले काळा चष्मा घातला! अन् डॉक्टर सगळ्यांशी एवढा गोड बोलते... कावून?"

तो डोळे मिटून हसला. मूर्तिजापूरला त्यानं दोन चहा आणले. अकोला येईस्तोवर दोघांनी एकाच पुस्तकात डोकं घालून शेवटचं प्रकरण वाचलं. डॉक्टरच निघाला.

"लय आशेनं वाचत होतो हो," तो म्हणाला. जवळच्या माणसानं फसवल्यासारखा त्याचा चेहरा पडला होता. रागिणीला हसू आवरेना.

त्याचं नाव चंदन. अकोल्याजवळच्या एका गावात गुरांचा डॉक्टर. रागिणी अकोल्यात शेतीचं शिकत होती. भातकुलीला तिच्या बाबांची शेवंतीची शेती. दर सोमवारी दोघंही अमरावतीकडच्या आपापल्या घरून परतायचे. आधी येईल त्यानं दुसऱ्याची जागा धरायची, असं न बोलताच ठरून गेलं. पुस्तकांची अदलाबदल सुरू झाली. रागिणी बडनेऱ्यातच, पहिल्याच थांब्यावर, खुनी ओळखायची.

चंदनचं मन मात्र तिला ओळखता येईना. ती खोकली की तो खिडकी लावायचा, तिची फुलांची पिशवी मांडीवर जपून धरायचा... अन् बोलायचा ते फक्त खुनांबद्दल.

एका सोमवारी त्यानं पुस्तक उघडलंच नाही. बाहेर तूर पिवळी फुलली होती.

"रविवारी अचलपूरले जावं लागते," तो म्हणाला. "पोरगी पाहाले. मामानं ठरवलं."

रागिणीनं आपलं पुस्तक मिटलं.

"तुम्हाले जायचं आहे?"

"नाही."

"मग मामाले सांगितलं कावून नाही?"

"कारण सांगावं लागते ना..." तो तिच्याकडे न पाहता म्हणाला. "अन् कारण माझ्या बाजूले बसते. त्याले विचाराची हिंमत नाही झाली. त्यानं नाही म्हटलं असतं, तर हे सोमवारही गेले असते."

तिचे कान तापले. तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं.

"नका जाऊ अचलपूरले," ती म्हणाली. "भातकुलीले या. बाबाशी मी बोलते."

चंदननं तिथल्या तिथं फोन लावला. रेंज धड नव्हती, त्यामुळे ओरडावं लागलं. "आई, अचलपूर रद्द! ...कावून म्हणजे? मले पोरगी पसंत आहे! ...कुठं म्हणजे? माझ्याच बाजूले बसली आहे!"

अख्खी गाडी मागं वळली.

"मग तिले दे ना फोन, बावळटा!" पलीकडचा आवाज साऱ्यांना ऐकू गेला.

त्याची आईच समोर बसली असावी तशी रागिणीनं ओढणी सारखी केली अन् फोन घेतला.

"नमस्कार, काकू..."

तिकडून अगदी मऊ आवाजात प्रश्न आला —

"चहा घेतला का वं, माय?"

रागिणीनं मान हलवली. फोनवर मान दिसत नाही, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.