नवी आवृत्ती यायच्या आधी

पुस्तकाला आधी आपला हात लागला, असं कालिंदी आजही शपथेवर सांगते. पण गणपतरावांना विचाराल तर ते म्हणतील, "कशाचा हात! सयाजी त्याच्या आधी आठ म्हैनं बसला हुता त्या पुस्तकावर. कोंबडी अंड्यावर बसावी तसा."

ऑगस्ट महिना होता, साल अठ्ठ्याऐंशी. पेठ वडगावच्या शाळेत गणित शिकवून कालिंदी एस्टीनं परत आली, तेव्हा कोल्हापुरात असा पाऊस होता की छत्री उघडी काय न् मिटलेली काय, सारखंच. शाहूपुरीत गणपतरावांचं जुन्या पुस्तकांचं दुकान दिसलं आणि ती आत शिरली. पदर पिळला, चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला — आणि समोरच्या फळीवर 'धार्मिक' अशा पाटीखाली तिला एक हिरवागार, आग ओकणारा प्राणी दिसला.

"हे धार्मिक आहे?" तिनं विचारलं.

"इंग्रजी पुराण हाय," गणपतराव म्हणाले. "राक्षस हायत, शस्त्रं हायत. एक अमेरिकन पोरगा हितं शिकायला आलता, जाताना इकून गेला. तीन खंड हायत. एक फळीवर हाय, दोन..."

दोन खंड कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेल्या माणसाजवळ होते. एक मांडीवर, एक हातात. कालिंदीनं फळीवरचं पुस्तक उघडलं आणि तिला एकदम ओळख पटली. अमेरिकेला शिकायला गेलेला तिचा दादा पत्रातून लिहायचा तो हाच खेळ! चारपाच जणांनी टेबलाभोवती बसायचं. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी गोष्टीतली माणसं व्हायचं. काय वाटेल ते करायचं. जमतं की नाही ते फासा ठरवणार. दादा दर शनिवारी मांत्रिक होतो हे वाचून आईनं अंबाबाईला नवस बोलला होता.

"तिन्ही बांधून द्या," कालिंदी म्हणाली.

"घेऊ नका," स्टुलावरून आवाज आला.

माणूस तिशीकडं झुकलेला. बाह्या दुमडलेल्या, नखांत काळी रेती, आणि डोळे... डोळे पुस्तकातच होते, त्यामुळं ते कसे आहेत हे कालिंदीला जरा उशिराच कळलं.

"का घेऊ नको?"

"फुडल्या वर्षी नवी आवृत्ती येणार हाय. माझा मावसभाऊ जहाजावर असतोय, त्यानं मासिक आणलंय, त्यात जाहिरात हाय. नियम बदलणार म्हणं. आज ही घेतली की उद्या जुनी."

"तुम्ही इथले नोकर का?"

"न्हाय, गिऱ्हाईक."

"मग तुम्ही काय विकत घेतलंत?"

त्यानं पान उलटलं. गणपतरावांनी मात्र संधी सोडली नाही. "काय न्हाय! आठ म्हैनं झालं, रोज येतोय, वाचतोय, न् म्हणतोय, थांबतो जरा. तिसरा खंड संपत आला त्याचा. सयाजी, अरं संपल्यावर काय करनार रं?"

"परत पयल्यापासनं," सयाजी म्हणाला. तेव्हा त्यानं मान वर केली. कालिंदीला दिसलं, की डोळे बरे आहेत... बरेच बरे आहेत.

तिनं त्या दिवशी पुस्तकं घेतली नाहीत. आपण का थांबलो, हे तिला स्वतःलाच नीट सांगता आलं नसतं. किमतीचा विचार करते, असं म्हणून ती बाहेर पडली. पण विचार केला तो किमतीचा नव्हता.

पुढच्या गुरुवारी ती पुन्हा गेली. सयाजी होताच. तो उद्यमनगरात एका फाउंड्रीत लाकडी साचे बनवायचा. ज्याच्यावरून लोखंड ओतायचं तो साचा सुतभर चुकला की सगळा माल भट्टीत परत. त्यामुळं चारदा मोजल्याशिवाय त्याची करवत चालायची नाही. आणि ही खोड कारखान्यात ठेवून घरी यावं, तर तसंही नाही. पाच वर्षं तो स्कूटर घ्यायची म्हणत होता आणि पाच वर्षं सायकलवर फिरत होता.

"दरवर्षी नवं मॉडेल येतंय की," तो म्हणाला.

"आणि लग्न?" हे तोंडातून निसटलं, आणि कालिंदी कानापर्यंत लाल झाली.

"त्यात मॉडेल बदलत न्हाईत," सयाजी गंभीरपणे म्हणाला, "पर घाबरायला हुतंय."

घ्यावीत की थांबावं, यावर दोघांचा वाद त्या दिवशी तासभर चालला. ती म्हणे, नवी आवृत्ती आली तरी जुन्या पुस्तकातले शब्द काही उडून जाणार नाहीत. तो म्हणे, मग नवी कशाला काढतील? काहीतरी चुकलं असणारच. शेवटी गणपतराव कावले. "आधी खेळून तरी बघा की! भाकरी खाल्ल्याबिगर पिठाची परीक्षा हुतीया व्हय?"

झालं. दर गुरुवारी, एस्टी आल्यापासून दुकानाचं दार ओढेपर्यंत खेळ सुरू झाला. गोष्ट सांगायची कालिंदीनं. सयाजी योद्धा. गणपतराव चोर — "धंद्यात चाळीस वर्षं झाली, जमंल." आणि पायरीवर गजरे विकणारी बनाबाई पावसाच्या आडोशाला आत आली होती, तिलाही धरून बसवलं. तिला कोण व्हायचंय म्हणून विचारलं, तर म्हणाली, "म्या बनाबाईच ऱ्हातो. दुसरं कोन हुयाचं ह्या वयात?"

वीस बाजूंचा फासा कुठून आणायचा? कालिंदीनं पुठ्ठ्याचे वीस त्रिकोण कापून चिकटवले. पहिल्याच गुरुवारी त्यावर चहा सांडला आणि त्याची भजी झाली. सयाजीनं ते भिजकं भजं रुमालात बांधून नेलं. आठवड्यानं तो आला आणि काही न बोलता त्यानं तिच्या तळहातावर काहीतरी ठेवलं. पितळेचं होतं, जड होतं, खिशातल्या उबेनं गरम होतं. वीस बाजू, एकेक आकडा कोरलेला.

"किती दिवस लागले?"

"सहा साचं मोडलं," तो म्हणाला. "सातवा बरा आला... हे घ्या बाई. पडला तर फरशी फुटंल, जपून."

बाई म्हणजे शिक्षिका म्हणून. पण तो 'बाई' म्हणायचा तेव्हा कालिंदीला वाटे, अख्ख्या शाळेत हा शब्द इतका गोड कुणी उच्चारत नाही.

"गुहेच्या तोंडाशी तो प्राणी बसलाय," एका गुरुवारी कालिंदी आवाज खोल करून सांगत होती. "नाकातून धूर निघतोय. तुम्ही काय करता?"

"म्या इचारतो, पावणं कुठलं?" बनाबाई म्हणाली.

"आजी, तो आग ओकतो!"

"वकू दे की. उपाशी असंल. जेवलासा का म्हणून इचार त्येला."

फासा पडला — वीस! नियमाप्रमाणं बनाबाईचं म्हणणं मानणं भाग होतं. तेव्हा तो भयंकर प्राणी मान खाली घालून म्हणाला, की चारशे वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं. बनाबाईनं त्याला तांबडा रस्सा वाढला, आणि तो ठसका लागून धूर सोडीत पळाला. गणपतराव हसता हसता स्टुलावरून घसरले. मोकळी गुहा समोर होती.

"योद्धा आत जातो?" कालिंदीनं विचारलं.

"आत काय हाय?"

"गेल्याशिवाय कसं कळेल?"

"मग... जरा थांबतो दारात."

"सयाजीराव, तुमचा योद्धा सहा गुरुवार प्रत्येक दारात असाच उभा राहतोय. त्याच्या पायाला आता मुळं फुटतील."

"दारातनं गोष्ट सांगणारी दिसतीया की," तो फाशाकडं बघत पुटपुटला. "आत अंधार असंल."

बनाबाई गजऱ्याच्या टोपलीकडं वळली आणि उगाच फुलं मोजू लागली. कालिंदीनं पुस्तक मिटलं. गोष्ट त्या दिवशी तिथंच थांबली. घरी जाताना दोघं एका छत्रीत मंगळवार पेठेच्या कोपऱ्यापर्यंत आली. छत्री त्याच्या हातात होती, आणि त्याचा एक खांदा सगळाच्या सगळा बाहेर भिजत होता.

सप्टेंबर संपत आला आणि कालिंदीच्या घरी गडहिंग्लजचं स्थळ आलं. मुलगा साखर कारखान्यात, माणसं भली. जिल्हा परिषदेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले तिचे वडील, तात्या, खूश होते. रविवारी सकाळी दहाला बघायचा कार्यक्रम ठरला.

गुरुवारी कालिंदीनं फासा पुढं सरकवला, पण गोष्ट सुरू केली नाही. बनाबाई अजून आली नव्हती. गणपतराव आत चहा उकळत होते.

"रविवारी मला बघायला येणार आहेत," ती म्हणाली. "गडहिंग्लजचे."

सयाजीच्या हातातलं पुस्तक मिटलं. "बरं..."

"बरं काय? काय करू मी?"

"मी काय सांगू, बाई..."

"तुम्ही इतक्या महिन्यांपासून सगळ्यांना सांगताच आहात की. घ्यावं की थांबावं? सांगा."

बाहेर पाऊस पडत होता. सयाजीनं फासा उचलला, त्याचे आकडे बघितले, खाली ठेवला. "जरा... विचार करून सांगतो."

कालिंदी उठली. छत्री घेतली. "करा," ती म्हणाली. "नवं मॉडेल येईल तुमच्यासाठी. माझ्याच्यानं नाही उभं राहवत दारात."

शुक्रवारी ती रागारागानं दुकानात गेली ती सरळ पुस्तकंच घ्यायला. जुनी तर जुनी! एकटीनं खेळेन, शाळेतल्या मुलींना शिकवेन, पण घेईन. फळीवर पाहते तो जागा रिकामी.

"गेली की," गणपतराव म्हणाले. "सकाळीच."

"कुणी घेतली?"

"गिऱ्हाइकाचं नाव कसं सांगावं, बाई? धंद्याची रीत असती." आणि ते कपाटाकडं तोंड करून धूळ झटकू लागले, तिथं धूळ नसताना.

कालिंदी घरी आली. डोळे का भरले म्हणून आईनं विचारलं, तर म्हणाली, कांदा. घरात कांदा चिरलेला नव्हता.

रविवारी नऊ वाजता दाराची कडी वाजली. तात्यांनी दार उघडलं. पायरीवर इस्त्रीचा शर्ट घातलेला, गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेला एक माणूस, काखेत मेणकापडाचं गाठोडं. गडहिंग्लजच्या मुलाचा फोटो आला होता तो एन.सी.सी.तला, टोपीनं अर्धं तोंड झाकलेलं. तेव्हा हाच तो, असं तात्यांनी आपलं ठरवून टाकलं.

"या या! एकटेच पुढं आलात? बाकीची मंडळी?"

"एकटाच आलोय," सयाजी म्हणाला.

"प्रवास कसा झाला?"

"सायकलवर आलो."

तात्या थक्क झाले. "सायकलवर! इतक्या लांबून?"

"उजाडताना निघालो. वाटंत तीनदा परत फिरलो."

तात्या धावतच स्वयंपाकघरात आले. "अगं, मुलगा लोखंड आहे लोखंड! गडहिंग्लजहून सायकलवर आला, आणि तेही तीनदा परत फिरून! पोहे वाढ चांगले डोंगराएवढे."

कालिंदी मान खाली घालून बशी घेऊन बाहेर आली. आधी चिखलाचे पाय दिसले. मग काळी रेती भरलेली नखं. तिनं मान झटकन वर केली आणि बशीतले चार शेंगदाणे जमिनीवर टपटपले.

"तुम्ही..." ती म्हणाली.

"व्हय," तो म्हणाला.

तात्यांना हे लाजणं वाटलं. त्यांना फार आवडलं. "मग, पावणं," ते हात चोळत म्हणाले, "आम्ही आडपडदा ठेवत नाही. मुलगी पसंत आहे का?"

"व्हय," सयाजी म्हणाला. एवढं चटकन, की त्याचं त्यालाच नवल वाटलं. मग त्यानं गाठोडं टेबलावर ठेवलं. "पर सांगायचं ते सांगतो. मी गडहिंग्लजचा न्हाय. उद्यमनगरातला हाय, साचं करतो. बाईंच्यासाठी ही पुस्तकं घेतली. जुनीच हायत. फुडल्या वर्षी नवी येतील, येऊ देत. इतकं म्हैनं माझ्याच्यानं हे घेणं हुईना. गुरुवारी बाई उठून गेल्या, तवा कळलं की घ्यायचं ऱ्हायलं तर काय हुतंय." त्यानं तिच्याकडं बघितलं. "कालिंदी... मला लई भ्या वाटतंय. पर आलोय."

तात्या एकदा त्याच्याकडं, एकदा पुस्तकावरच्या आग ओकणाऱ्या प्राण्याकडं बघत राहिले. "कालिंदी, हा कोण?"

"मला हवा असलेला माणूस आहे, तात्या," ती म्हणाली. "तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. त्यांनीच काही सांगितलं नव्हतं, तर मी काय सांगणार?"

तेवढ्यात बाहेर रिक्षा थांबली. गडहिंग्लजची मंडळी वेळेवर आली होती. आई आतून ओरडली, "अहो, पोहे संपले!" तात्यांनी कपाळाला हात लावला, मग टोपी सारखी केली आणि स्वतःच पायरी उतरून गेले. त्यांनी पाहुण्यांना काय सांगितलं ते आत ऐकू आलं नाही. पण चाळीस वर्षं सरकारी कागदांना नाही म्हणायची सवय असलेला माणूस होता. माणसं कोपऱ्यावरच्या हॉटेलात चहा घेऊन, न चिडता, जोतिबाला जाऊन येतो म्हणून निघून गेली.

तात्या परत आले, खुर्चीत बसले आणि सयाजीकडं वळले. सयाजी उभाच होता. कालिंदी दाराच्या चौकटीला टेकून नखानं लाकूड कोरत होती.

"आई-वडील आहेत?"

"हायत."

"त्यांना ठाऊक आहे?"

"न्हाय अजून."

"हं," तात्या म्हणाले. "मला विचार करायला वेळ हवा. तुमच्या घरच्यांनाही हवा असेल. असं करा, पुढच्या रविवारी त्यांना घेऊन या, मग बघू."

"फुडल्या रविवारी?" सयाजीचा चेहरा पडला. त्यानं पायात चप्पल सरकवली सुद्धा. "एवढं कशाला थांबायचं? दुपारीच आणतो की!"

आणि तात्या नको नको म्हणेपर्यंत सायकलची घंटी गल्लीच्या टोकाला पोचली. कालिंदी पायरीवर धावली. पावसात तो दोन्ही खांद्यांनी भिजत, मागं वळून बघत, समोरच्या म्हशीला चुकवत चालला होता. ती तोंडावर पदर धरून हसत होती, आणि आतून आई विचारत होती, "अगं, दुपारी किती जणांचा स्वयंपाक टाकू?"