डावं दार

दयानंद गोळेला न विचारता बोलायची खोड होती, तीही फक्त गाड्यांबद्दल. माणसांबद्दल तो विचारलं तरी बोलत नसे. त्या दिवशी पिरंगुटच्या चौकात मिसळ खाऊन तो बाहेर पडला, पावसाची सर आली म्हणून छपराखाली सरकला, आणि शेजारच्या पांढऱ्या गाडीच्या दारावर त्याने सवयीने बोटाचं पेर वाजवलं. आवाज बद्द आला.

"हे दार ठोकलेलं हाय. आत पुट्टी भरलीय."

गाडीची मालकीण मागेच छत्री मिटत उभी होती. "तुम्हाला कुणी विचारलं?"

"न्हाई."

"मग?"

"ऱ्हावलं न्हाई."

दोनच महिन्यांपूर्वी तिने ती गाडी 'साधा ओरखडाही नाही' या शब्दावर विकत घेतली होती. दुसरी एखादी भांडली असती. मृण्मयीने मात्र स्वतः वाकून त्या दारावर टकटक केली, मग दुसऱ्यावर केली, आणि ती हसायला लागली. कानामागची ओली बट गालावर आली. दयानंदने घाईघाईने टायरकडे पाहिलं. टायर चांगले होते.

"तुमचं गॅरेज आहे का?" तिने विचारलं. त्याने मान डोलावली. "मग मला तुम्हाला आणखी एक गाडी दाखवायचीय."

ती दुसरी गाडी भूगावला होती, मृण्मयीच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. बासष्ट सालची विलायती स्पोर्ट्स कार... दोन माणसांपुरती, बसकी, एके काळी लाल. तिच्या बाबांची. बाबा जाऊन दोन वर्षं झाली होती आणि आता घर बिल्डरला द्यायचं ठरलं होतं. शेड महिनाअखेर पडणार, त्याआधी गाडीचं काय ते ठरवायचं होतं. नव्याने उभी करायची, तर हिंजवडीच्या नोकरीत साठवलेलं सगळं आणि वर दोन वर्षं जाणार. नाही तर भंगार. भंगारवाल्या राजूला तिने तिसऱ्या शनिवारी चारची वेळ देऊन ठेवली होती.

दयानंदची पद्धत साधी होती. फडक्यात गुंडाळलेलं चुंबक तो पत्र्यावरून फिरवी. चिकटलं तर खाली लोखंड, मग तिथे खडूने गोल. सुटलं तर पुट्टी नाहीतर गंज, तिथे फुली. एवढ्याशा गाडीला अर्धा दिवस पुष्कळ झाला. त्याला तीन शनिवार लागले.

खरं तर पहिल्याच शनिवारी तो गाडीखाली सरपटला, तेव्हा त्याचा स्क्रूड्रायव्हर चासीतून, गाडीच्या तळच्या सांगाड्यातून, आरपार गेला होता. गाडी संपलेली होती. पण तसं सांगितलं की काम संपलं, आणि पायरीवर चहा घेऊन बसणारी मृण्मयीही संपली. 'करू की उभी' म्हटलं असतं, तर दोन वर्षांचे शनिवार हातात होते. त्याच्या शब्दावर तिने आपली सगळी शिल्लक ओतली असती. ती आपल्याला आवडली आहे, हे त्याने एखाद्या गाडीतला बिघाड मान्य करावा तसं शांतपणे मान्य केलं, आणि पुढचा शनिवार मागून घेतला.

दुसऱ्या शनिवारी उजव्या दाराच्या तळातून त्याने तारेने कसलासा तपकिरी चुरा उकरला.

"काय ते?"

"झेंडू, मॅडम. दाराखाली भोकं असत्यात, पाणी जायला. दर दसऱ्याला गाडी धुतली, हार घातला, पाकळ्या आत गेल्या. भोकं बुजली... पाणी आतच ऱ्हायलं."

"म्हणजे पूजेने गंजली?"

"मायेनं," तो म्हणाला आणि ओशाळला.

"बरंच कळतं की तुम्हाला. माणसांतलं कळतं का?"

"माणसावर चुंबक चालत न्हाई."

"कधी लावून पाहिलंय?" ती म्हणाली, आणि चहाचा कप तोंडाशी नेऊन हसू लपवलं. ते त्याला दिसलंच.

तिसऱ्या शनिवारी साडेतीनला पाऊस पत्र्यावर वाजत होता. अर्ध्या तासात टेम्पो येणार होता.

"सांगा आता," ती म्हणाली. "करण्यासारखी आहे का?"

त्याने चुंबक खिशात टाकलं. "न्हाई. चासी गेलीया. वरून रंग मारून कुनीबी देईल. पण तुमी तिच्यात बसलेलं मला चालायचं न्हाई."

तिचे डोळे भरले. तिने ते पुसले नाहीत. "कधी कळलं तुम्हाला?"

"पहिल्या शनिवारी."

"मग हे दोन शनिवार?"

दयानंदने गाडीकडे पाहिलं, पावसाकडे पाहिलं, मग दुसरीकडे पाहण्यासारखं काही उरलं नाही.

"त्ये... गाडीसाठी नव्हतं."

ती काही बोलणार तोच फाटकात हॉर्न वाजला. राजू वेळेआधीच आला होता.

"थांब रे," दयानंद त्याला म्हणाला, आणि पाना घेऊन बिजागऱ्यांशी बसला. डावं दार सुटं करून त्याने भिंतीला टेकवलं. "अख्ख्या गाडीत ह्येवढंच साबूत हाय. गोलच गोल. भोकंबी मोकळी. ती कशी ऱ्हायली, ते काय मला उमगलं न्हाई."

मृण्मयी दाराजवळ खाली बसली. तळाच्या भोकांवरून तिने बोट फिरवलं.

"मी काढायचे पाकळ्या. आईच्या हेअरपिनने," ती म्हणाली. "बाबांची पूजा संपेपर्यंत दुसरा उद्योग नसायचा... आणि डावी बाजू माझी होती."

उरलेली गाडी घेऊन टेम्पो गेला. ती फाटकापर्यंत गेली नाही, दाराजवळच थांबली.

"हे रंगवून द्याल? लालच."

"देतो. सोमवारी संध्याकाळी या."

"सोमवारी?"

"दोन दिवसांचं तर काम हाय."

"तुमचं अर्ध्या दिवसाचं काम तीन शनिवार चालतं, दयानंद." नाव तिने पहिल्यांदाच घेतलं होतं. "मग दोन दिवसांच्या कामाला किती शनिवार?"

त्याने मनातल्या मनात खरोखरच मोजलं. "बारा."

"कमी आहेत," ती म्हणाली, आणि दाराचं एक टोक उचललं.