घुमटातली हाक

नवऱ्याला कामातून एक दिवस सुट्टी मिळाली, म्हणून आम्ही ते परकं शहर बघायला निघालो. मी पिशवीत थर्मामीटर, सर्दीचं औषध आणि जादा स्वेटर कोंबले.

"शहर बघायला चाललोय, मोहिमेवर नाही," नवरा म्हणाला.

ढमी म्हणजे आमची लेक. अडीच वर्षांची झाली, तरी तोंडातून एक शब्द नाही. कान उत्तम, समज उत्तम. डॉक्टर म्हणतात थांबा. सासूबाई म्हणतात, हिचा बापही उशिरा बोलायला लागला आणि मग थांबलाच नाही. मी आपली तिच्या ओठांकडे बघत बसते, निकालाची वाट बघावी तशी.

शहर मात्र इतकं देखणं, की काळजी करायचंच विसरायला होत होतं. नदीवर कमानींचे पूल, खिडक्याखिडक्यांत फुलं, रस्ते जणू आत्ताच पुसून ठेवलेले. आणि तो घुमट! आतून वर चढून गेलं की कडेकडेने गोल सज्जा. निळ्या काचांमधून आलेलं ऊन दगडावर सांडलेलं. गार, जुना, मेणाचा वास. राखणदार बाईंनी ओठांवर बोट ठेवलं, मग भिंतीला कान लावून दाखवला. नवरा पार पलीकडच्या टोकाला गेला, आणि भिंत माझ्या कानात कुजबुजली, "बाईसाहेब, थर्मामीटर आणलंय ना?"

मी हसू दाबता दाबता बेजार. कुणी बांधलं असेल हे? त्याचे हात धरून बघावेसे वाटले.

नवरा बोटीची तिकिटं काढायला खाली उतरला. राखणदार बाईही दाराबाहेर गेल्या. ढमी माझ्या खांद्यावर झोपली होती. मी उगीचच पुन्हा भिंतीला कान लावला.

"आई..."

समोर कुणी नव्हतं. सगळा सज्जा रिकामा. ढमीचा श्वास माझ्या मानेवर संथ चालला होता, ओठ मिटलेले.

"आई... ऐकतेस ना?"

खरं तर मी घाबरायला हवं होतं. लिफ्ट अडकेल म्हणून जिने चढणारी बाई मी. पण त्या एका शब्दासाठी जीव किती आसुसला होता, ते कुणाला सांगू? परक्या देशातल्या भिंतीला मराठी कुठून येणार, एवढंही सुचलं नाही. आवाज कोवळा, जरासा घोगरा. मी मनात ऐकत आले होते, अगदी तसाच.

"ऐकतेय गं राणी..."

"मला घे ना..."

तेवढ्यात खालून नवऱ्याची हाक आली. निघताना 'जाते' म्हणू नये, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. मी सवयीने भिंतीला म्हणाले, "येते हं."

मग अगदी कानाशी, "लवकर ये..."

बोटीत मी झोपलेल्या ढमीला नवऱ्याच्या मांडीवर दिलं. भिंतीचं सांगितलं असतं तर त्याने माझाच ताप मोजला असता. पाणी उन्हात लखलखत होतं, एकामागून एक पूल डोक्यावरून जात होते. बापाच्या मांडीवर ढमी जागी झाली आणि बोलली. स्पष्ट, जरासं घोगरं.

"बाबा, आई कधी येणार?"

नवऱ्याचे डोळेच भरून आले. "अगं, बोलली! अख्खं वाक्य बोलली!" तो तिचे पापे घेत सुटला. "आणि वेडे, ही काय आई शेजारीच तर बसलीये!"

ढमीने माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. मग अनोळखी बाईसमोर मुलं लाजतात तशी लाजली, आणि तिने बाबाच्या शर्टात तोंड लपवलं.