काठोकाठ भरलेला ग्लास

दिवा मंदच राहू दे. टॅम्सिन माझी पुतणी, याच कॉलेजात इतिहास शिकायला होती. थापा मारणं तिच्या रक्तात नाही, आणि मी पडलो गणित शिकवणारा, भुताखेतांशी माझं काही देणंघेणं नाही. तरी ऐका.

चार वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर, तिसरा गुरुवार. संध्याकाळचे सहा, बाहेर केव्हाच काळोख. टॅम्सिन निबंध घेऊन तिच्या इतिहासाच्या बाई, डॉक्टर पेनहॅलो, यांच्याकडे निघाली. दर आठवड्याला निबंध लिहायचा, तो मोठ्यानं वाचायचा, आणि दर आठवड्याला बाई तेच म्हणायच्या, "छान. पण हे सगळं इतरांचं झालं. तुझं काय?" पोरगी पार वैतागली होती. पुस्तकांचे ढीग उपसायचे, रात्री जागायच्या, आणि शेवटी हेच ऐकायचं! आदल्या रात्री तिनं घरी फोन केला, "बाबा, शनिवारी गाडी घेऊन या. उद्याही तेच ऐकवलं तर मी सोडतेय. मला नाही जमत." बॅग भरूनच ती बाईंचा जिना चढली.

आपल्याकडे शिक्षकांच्या खोल्यांना दोन दारं; बाहेरचं दार बंद असेल तर जीव गेला तरी ठोठावायचं नाही, उघडं असेल तर सरळ आत. ते उघडं होतं. उंच पाठीची खुर्ची शेकोटीकडे तोंड करून. बाई नेहमी तशाच पाठमोऱ्या ऐकायच्या, आणि नमस्कार-चमत्कारांत वेळ घालवलेला त्यांना खपत नसे. टॅम्सिन बसली आणि वाचायला लागली. विषय होता प्लेगच्या साथीतलं एक खेडं.

"अर्धं गाव मेलं. उरलेल्यांनी ते निमूट सोसलं..."

"कोण म्हणतं?"

आवाज घोगरा होता. बाईंना सर्दी झाली असेल.

"पुस्तकात आहे, डॉक्टर."

"कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतात!"

"कोण म्हणतं?"

टॅम्सिनचं टाळकं सटकलं. तिनं कागद भिरकावले.

"मी नाही म्हणत! निमूट कसलं डोंबलाचं? ओरडली असतील, शिव्या घातल्या असतील, देवालासुद्धा! पण लिहिणारा कारकून जमीनदाराचा. त्यानं बुडालेला शेतसारा लिहिला, यांचं ओरडणं कशाला लिहील? कागदावर सापडलं नाही म्हणून आपण त्यांना मुकं करून टाकलं!"

खुर्चीतून तोच घोगरा आवाज.

"हं... पुढे."

मग ती बोलत सुटली. न वाचता, न अडखळता. किती वेळ, तिला आजही सांगता येत नाही.

थांबली तेव्हा लक्षात आलं. शेकोटी विझलेली. खोली गार. तिच्या तोंडून वाफ निघत होती. खुर्चीकडून... नाही.

"डॉक्टर?"

ती उठून उभी राहिली.

"डॉक्टर...?"

खुर्चीला वळसा घालायचा तिला धीर झाला नाही. ती पळाली.

खाली चौकात डॉक्टर पेनहॅलो सायकल ढकलत येत होत्या.

"अगं टॅम्सिन, माफ कर गं! लंडनची गाडी रखडली. थंडीत ताटकळलीस ना?"

आवाज स्वच्छ. सर्दीबिर्दी काही नाही.

"तुम्ही... वर नव्हता?"

"वर कशी असेन? ही बघ किल्ली."

दोघी वर गेल्या. बाहेरचं दार बंद. कुलूप लावलेलं. बाईंनी उघडलं, दिवा लावला. खुर्ची रिकामी. कागद जमिनीवर, भिरकावले तसे.

आणि खुर्चीच्या हातावर एक छोटा ग्लास. शेरीचा. काठोकाठ भरलेला. शेरी अजून हलत होती...

डॉक्टर पेनहॅलो दारूला शिवत नाहीत. खोलीत बाटली नव्हती, कधीच नसते.

शनिवारी माझा भाऊ रिकामी गाडी घेऊन परत गेला. पण ते नंतरचं. त्या वेळी बाई उंबऱ्याशी खिळून उभ्या होत्या.

"ही खोली आधी ॲशकोम सरांची," त्या म्हणाल्या. "माझे सर. वारून बरीच वर्षं झाली. विद्यार्थी स्वतःचं काही बोलला, तरच ते त्याला ग्लास भरून द्यायचे."

त्या ग्लासाकडे बघत राहिल्या. मग अगदी हळू...

"मी तीन वर्षं त्यांच्यापुढे निबंध वाचत होते, टॅम्सिन. मला एकदाही नाही दिला."